दर्याची वाटणी

पनवेलच्या तहसील कचेरीच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास उभे राहिले की दोन शब्द सारखे कानावर पडतात: वारस आणि फेरफार. सिडको आली, साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, विमानतळ आला, आणि ज्या खाजणात आजोबा गुडघाभर चिखलात निवट्या धरायचे त्याच्या सातबाऱ्यावर दोन डझन नावे चढली. परवा शेजारच्या टपरीवर दोन सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून चहा पीत होते. मध्ये एक मध्यस्थ बसला होता.

"दादा, सही करून टाक आता," धाकटा पाठमोराच म्हणाला.

"आधी वडीलकीचा मान ठेव. मग सहीचं बघू," थोरला म्हणाला.

मध्यस्थ काही बोलला नाही. तिघांच्या चहाचे पैसे त्यानेच दिले, आणि ते तो कुठून वसूल करणार हे टपरीवाल्यालाही ठाऊक असावे.

मला कान्होजी आंगऱ्यांची मुले आठवली. पनवेलहून पळस्पे फाटा, मग कर्नाळ्याचा सुळका मागे टाकून पेण, वडखळ, पोयनाड करत एसटी अलिबागला पोचते. तिथल्या किनाऱ्यावरून समोर पाण्यात दिसतो तो कुलाबा. या किल्ल्यावर बाहेरच्यांनी जितके हल्ले केले, त्याहून खोल जखम घरच्यांनी केली. शाळेच्या पुस्तकात कान्होजी असतात आणि मग एकदम १७५६ चा विजयदुर्ग असतो. मधली सत्तावीस वर्षे दोन ओळींत उरकलेली असतात. घर फुटले ते त्या दोन ओळींत.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी गेले. हयातभर त्यांनी मुंबईकर इंग्रज, गोवेकर फिरंगी आणि जंजिऱ्याचा सिद्दी या तिघांना दाद दिली नाही. १७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवरून हात हलवत परतले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेही फजीत होऊन गेले. कोकणपट्टीतून जायचे तर कान्होजींचा दस्तक घ्या, नाहीतर गलबत गमवा, असा तो मामला होता. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. आपल्या दारातून जाणाऱ्याकडून जकात घेणारा चाचा, आणि जकात चुकवणारा सभ्य व्यापारी, ही त्यांची व्याख्या.

कान्होजींचे मोठेपण वाढले तेही एका वारसाच्या भांडणातूनच. औरंगजेब १७०७ मध्ये मेला, शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आला आणि गादी कोणाची यावरून चुलती ताराबाई नि पुतण्या शाहू समोरासमोर उभे राहिले. कान्होजी ताराबाईच्या बाजूचे. शाहूने त्यांच्यावर पेशवा बहिरोपंत पिंगळे पाठवला, तर कान्होजींनी पेशव्यालाच पकडून कैदेत टाकले. मग शाहूने बाळाजी विश्वनाथाला पेशवाईची वस्त्रे दिली आणि आंगऱ्यांची समजूत काढायला धाडले. लोणावळ्याजवळच्या वळवणला दोघे भेटले आणि १७१४ मध्ये तह झाला. कान्होजी शाहूकडे आले. बदल्यात सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, कायम राहिले, शिवाय दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी पदरात पडली. दोन वारस भांडत असले की सरदाराची किंमत वाढते, हे कान्होजींइतके कोणाला कळले असेल? आपल्या पोटच्या पोरांच्या बाबतीत मात्र त्यांनी काहीच लिहून ठेवले नाही, की ठेवले आणि कोणी जुमानले नाही, देव जाणे.

मुलगे सहा: सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी, धोंडजी. पहिले दोघे थोरल्या मथुराबाईंचे. बाकीच्यांना ग्रँट डफसारखे इंग्रज लेखक अनौरस ठरवून मोकळे होतात. घराण्याच्या वंशावळीत ते कान्होजींच्या दुसऱ्या बायकांचे मुलगे म्हणून येतात. अनौरस म्हणजे लेकावळा. या शब्दात केवढी धार आहे ते जुन्या सरंजामी घरांत वावरलेल्यांना सांगायला नको. बापाच्या ताटात जेवणारा पोर बाप गेल्यावर पंगतीत कुठे बसायचा, हा प्रश्न त्या एका शब्दात होता.

सेखोजी समजूतदार होता. सरखेली त्याला मिळाली आणि चार वर्षे घर एकत्र राहिले. १७३३ च्या उन्हाळ्यात बाजीराव जंजिऱ्यावर उतरला तेव्हा समुद्राकडची बाजू सेखोजीची होती. सिद्दीच्या घरातही तेव्हा वारसाचीच लाथाळी चालू होती आणि म्हणूनच बाजीरावाने ती वेळ साधली. मोहीम पावसाळ्यात अडकली, सरदारांचे आपसांत पटेना, आणि ऑगस्टमध्ये सेखोजी वारला. जंजिरा त्या वर्षी गेला नाही. पुढेही कधी गेला नाही.

सेखोजीच्या मागे संभाजी सरखेल झाला. तो तापट होता आणि पेशव्याशी त्याचे जमत नव्हते. तो स्वतः दक्षिणेकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्गात रमला आणि कुलाब्याला धाकटे भाऊ ठेवले. थोरल्याने लांब बसून हुकूम सोडायचे नि धाकट्यांनी घर सांभाळायचे, ही व्यवस्था किती टिकते ते कोणत्याही गावच्या तलाठ्याला विचारा. मानाजीचे बिनसले. तो उठून रेवदंड्याला फिरंग्यांकडे गेला, त्यांची कुमक घेऊन परत आला आणि रात्रीच्या वेळी तटाला शिड्या लावून नव्हे, सरळ घराच्या नात्यावरच शिडी लावून कुलाब्यात शिरला, असे म्हणावेसे वाटते. किल्ला हाती येताच त्याने येसाजीचे डोळे काढले आणि त्याला कोठडीत टाकले.

डोळे काढले. ग्रँट डफ एका वाक्यात हे सांगून पुढे जातो. आपल्याकडचे लेखक तर बहुधा त्या वाक्यालाही बगल देतात, कारण पुढे याच मानाजीने वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पाला साथ दिली आणि मग त्याच्यावर डाग कसा दाखवायचा? मला तिथे थांबावेसे वाटते. भावाला ठार मारले तर सुतक लागते, बोभाटा होतो, एखादी आई शाप देते. आंधळा केला की तो जिवंत राहतो, ताटावर बसतो, पण किल्ल्याचा हवालदार होऊ शकत नाही. हिशेबी माणसाची ही क्रूरता आहे. येसाजीचे नाव वाचकाने लक्षात ठेवावे. ते सुमारे पासष्ट वर्षांनी परत येणार आहे.

संभाजी चवताळून कुलाब्यावर आला. मानाजीने आता पेशव्याला हाक मारली. फिरंगी, मग पेशवा, पुढे इंग्रज: या एका माणसाने कुलाब्याच्या दाराची कडी शेजारपाजारच्या प्रत्येकाला वाजवू दिली. बाजीराव १७३५ च्या सुरुवातीला कुलाब्यास आला आणि त्याने वाटणी करून दिली. संभाजीकडे सरखेल हा किताब आणि सुवर्णदुर्गापासून दक्षिणेचे किल्ले. मानाजीला कुलाबा आणि वजारतमाब असा नवा किताब. ऐकायला दणदणीत, आणि सरखेलीच्या तोडीचा वाटावा म्हणूनच घडवलेला. मध्यस्थीबद्दल मानाजीने पेशव्याला राजमाची आणि कोथळीगड दिले. दोन्ही किल्ले घाटाच्या तोंडाशी. बोरघाट उतरून पनवेलच्या बंदराकडे येणाऱ्या वाटेवर राजमाची नजर ठेवतो. पेशव्याने मागितले तेही नेमके काय मागितले ते पाहा!

दोघा भावांच्या गुरूंनी, धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींनी, पुष्कळ खटपट केली. स्वामींचा आंगरे घराण्यावर लोभ होता, त्यांची पत्रे छापली गेली आहेत, आणि त्यांत या घरातल्या बायामाणसांपासून सरखेलांपर्यंत सगळे आपापली गाऱ्हाणी मांडताना दिसतात. स्वामी समजावत, रागावत. पण बाजीरावाचेही तेच गुरू, त्यामुळे घरातल्या भांडणाचा कौल लावायला सगळे एकाच देवळात जात होते.

आणखी एक गोष्ट त्या वाटणीत झाली, जिची फारशी चर्चा होत नाही. कान्होजींच्या काळी आरमार एक होते. गुराबा आणि गलबते सुवर्णदुर्गाहून निघाली तर कुलाब्याला पाणी भरत, खांदेरीपाशी थांबत, परत जात. मोठ्या जहाजाला घेरायचे तर बारक्या गलबतांचा थवा लागतो, आणि थवा जमवायचा तर सगळी बंदरे एका हुकमात लागतात. जमिनीची तक्षीम करता येते, बांध घालता येतो. दर्यात बांध घालायचा कुठे? १७३५ नंतर कुलाब्याची गलबते विजयदुर्गाच्या गलबतांना पाहून नांगर उचलू लागली.

इथे जरा लांब जाऊ. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. लंडनच्या राजाला तो मुलूख दोनशे वर्षे पुरता पचला नाही, पण तिथल्या राजघराण्यांनी स्वतःच तो त्याच्या ताटात वाढला. वेल्सच्या जुन्या कायद्याप्रमाणे बापाची मिळकत सर्व मुलांत वाटली जाई, आणि बापाने ज्याला आपला म्हटले तो लग्नाचा असो नसो, बरोबरीचा वारस ठरे. आंगऱ्यांच्या घरातल्या शब्दांत सांगायचे तर तिथे लेकावळा हा शब्दच नव्हता. कायदा उदार होता, पण राज्य वाटायला घेतले की उदारपणाच्याच सुऱ्या होतात. ग्वेनेडचा राजा ओवेन ११७० मध्ये वारला आणि त्याचा हिवेल नावाचा मुलगा, जो आजही वेल्श भाषेचा चांगला कवी मानला जातो, सावत्र भावांच्या हातून त्याच वर्षी लढाईत मारला गेला.

त्या घराण्यातल्या थोर लेवेलिनने हे ओळखले होते. आपल्यानंतर एकच वारस हवा असे ठरवून त्याने लग्नाच्या राणीचा मुलगा दाविद याला पुढे केले आणि थोरल्या, पण दासीपुत्र म्हणता येईल अशा ग्रिफिथला मागे सारले. जुन्या रीतीने वाटा मागणाऱ्या ग्रिफिथला दाविदने कैदेत टाकले. १२४१ मध्ये ग्रिफिथची बायको सेनाना इंग्रज राजा तिसरा हेन्री याच्या दारी गेली. नवऱ्याला सोडवा, त्याचा वाटा मिळवून द्या, मी ६०० मार्क देते, असा तिने करार केला. हेन्री सैन्य घेऊन आला, दाविदला त्याने नमवले, ग्रिफिथला कैदेतून काढले आणि लंडनच्या टॉवरमध्ये नेऊन ठेवले. दाविदने डोके वर काढले की याला सोडतो म्हणायचे, असे ते प्यादे. १ मार्च १२४४ रोजी ग्रिफिथ चादरींचा दोर करून टॉवरवरून उतरू लागला. दोर तुटला, तो खाली पडून मेला.

त्याच्या मुलांनीही धडा घेतला नाही. ओवेन आणि लेवेलिन १२५५ मध्ये लढले, लेवेलिनने ओवेनला वीस वर्षांहून अधिक कोंडून ठेवले. धाकटा दाविद रुसून इंग्रजांकडे गेला, त्यांच्या बाजूने भावाविरुद्ध लढला, पुन्हा घरी आला. १२८२ मध्ये लेवेलिन पडला, १२८३ मध्ये दाविदला श्रूसबरीला हाल करून मारले, आणि वेल्सचे स्वतंत्र राज्य संपले. वाटणीला बोलावलेला पंच शेवटी वाडाच घेऊन गेला.

आता परत कुलाब्याला. १७४० च्या वसंतात संभाजीने मोठी तयारी केली आणि तो मानाजीवर आला. हिराकोट घेतला, थळ घेतले, सागरगड घेतला आणि कुलाब्याचे पाणी तोडले. मानाजीने पुन्हा दोन दारे ठोठावली: पेशव्याचे आणि मुंबईकर इंग्रजांचे. इंग्रज तर वाटच पाहत होते. त्यांच्या जहाजांनी संभाजीच्या आरमाराला हुसकले आणि जमिनीवरून पेशव्याची फौज आली. लढाईत तुळाजी पेशव्यांच्या हाती लागला. संभाजी कसाबसा सुवर्णदुर्गाला परतला.

पेशव्याच्या फौजेबरोबर तेव्हा कोण होते? चिमाजी आप्पा आणि बाजीरावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा नानासाहेब. दुसऱ्याच्या भावांचे भांडण मिटवायला म्हणून कुलाब्याला आलेल्या या पोराला तिथेच बातमी कळली की २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला. आता पेशवाईची वस्त्रे कोणाला, हा प्रश्न त्याच्याच घरात उभा राहिला. बाबूजी नाईकाला पेशवा करावे म्हणून रघूजी भोसल्यांनी शाहूकडे जोर लावला होता. नानासाहेब कुलाब्याहून निघाला तो स्वतःच वारसदार म्हणून. त्याच्या डोक्यात आंगऱ्यांविषयी काय बसले असेल याचा अंदाज बांधायला पुढची सोळा वर्षे आहेत.

संभाजी १७४२ मध्ये वारला, आणि सरखेली तुळाजीने घेतली. शाहूने ती मान्य केली. तुळाजीने अंजनवेल आणि गोवळकोट हे सिद्दीचे किल्ले १७४५ मध्ये जिंकून दाखवले आणि त्यांना गोपाळगड व गोविंदगड अशी नावे दिली. सहा भावांत बापाची दर्यावर्दी धमक कोणात उतरली असेल तर ती याच्यात. १७४९ मध्ये त्याने इंग्रजांचे रिस्टोरेशन नावाचे जहाज पकडून विजयदुर्गात आणले. पण त्याचे कोणाशीच पटले नाही. बावड्याच्या अमात्यांशी, वाडीच्या सावंतांशी, पेशव्याच्या बंदरांशी, सगळ्यांशी त्याने दावा मांडला. शाहू १७४९ मध्ये वारल्यावर तर तो पुण्याचा हुकूम कागदावरही मानेना.

१७५५ च्या मार्चमध्ये पेशव्याचा कोकणचा सरसुभेदार रामाजी महादेव याने मुंबईकरांशी करार केला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत अॅडमिरल वॉट्सन आणि कर्नल क्लाइव्ह विजयदुर्गाच्या खाडीत आले. प्लासीला अजून सव्वा वर्ष होते, क्लाइव्ह अजून बंगालचा क्लाइव्ह झाला नव्हता. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत जाऊन बोलणी करत होता, म्हणजे शेवटच्या घटकेला का होईना घरच्या माणसाकडे गेला होता. इंग्रजांना मात्र किल्ला पेशव्याच्या हाती पडू द्यायचा नव्हता. त्यांनी तोफा डागल्या. एक पेटता गोळा नांगरलेल्या जहाजावर पडला आणि ते भडकले. ते जहाज होते रिस्टोरेशन. तुळाजीने इंग्रजांकडून जिंकून आणून घरच्या जहाजांच्या रांगेत बांधलेले. त्याच्यावरून आग शेजारच्या गुराबांवर गेली, त्यांच्यावरून गलबतांवर, आणि काही तासांत कान्होजींच्या वेळेपासून जमवलेले आरमार पाण्याच्या कडेपर्यंत जळून गेले.

इंग्रजांनी किल्ला घेतला, आतली सुमारे दहा लाखांची लूट आपसांत वाटून घेतली, आणि मराठी फौजेला दारात उभे केले. विजयदुर्ग पेशव्याला मिळायला ऑक्टोबर उजाडला आणि त्यासाठी बाणकोट कायमचे द्यावे लागले. तुळाजी कैदेत गेला. आयुष्याची उरलेली तीस वर्षे त्याने एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर बेड्यांतच काढली.

नानासाहेबाने स्वतःच्या हाताने मराठी आरमार बुडवले, हा आरोप आपल्याकडे शंभर वर्षे घोकला जातो. तो खोटा नाही. मोठ्या शत्रूच्या मदतीने घरचा आडदांड सरदार मोडणे ही चूकच होती, आणि ती घोडचूक होती. पण सगळे पाप पुण्यावर ढकलून कुलाबा-विजयदुर्गाला हात धुता येणार नाहीत. इंग्रजांना या किनाऱ्यावरच्या मराठी भांडणात पहिल्यांदा आत घेतले ते १७४० मध्ये, आणि घेतले ते एका आंगऱ्याने, दुसऱ्या आंगऱ्याविरुद्ध. १७५५ मध्ये नानासाहेबाने मळलेल्या वाटेवर पाऊल टाकले. आणि ती वाट मळताना त्याने पाहिली होती, एकोणिसाव्या वर्षी, स्वतः कुलाब्याला उभे राहून.

मानाजी १७५८ मध्ये गेला. त्याचा मुलगा रघूजी शहाणा निघाला. त्याने पस्तीस वर्षे कारभार केला, कुलाब्यात गणपतीचे देऊळ बांधले, इंग्रजांशी गोडीत राहिला आणि पुण्याशीही. त्याच्या हातून एका वेगळ्याच वारसाचा निकाल लागला. पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊचा तोतया १७७६ मध्ये कोकणात उभा राहिला आणि किल्ल्यामागून किल्ले त्याला सामील होऊ लागले. महादजी शिंद्यांनी त्याला मोडले, तो पळून गलबताने मुंबईकडे निघाला, आणि रघूजीने त्याला पकडून पुण्याच्या हवाली केले. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' ज्या हकिकतीवर आहे ती हीच.

रघूजी १७९३ मध्ये वारला आणि झाकलेले सगळे पुन्हा उघडे पडले. गादीवर रघूजीचा अज्ञान मुलगा, दुसरा मानाजी, कारभारी म्हणून रघूजीचा लेकावळा जयसिंग, आणि दोघांच्या मध्ये वाड्यातली राणी आनंदीबाई. कुलाबा कधी याच्या हाती, कधी त्याच्या. शेवटी मदतीला म्हणून आला बाबूराव आंगरे. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांचा हा मामा, शिंद्यांच्या फौजेतला वजनदार सरदार. मदतीला आला आणि १७९९ मध्ये कुलाबा स्वतःच घेऊन बसला. मानाजीही कैदेत, जयसिंगही कैदेत.

हा बाबूराव कोणाच्या वंशातला? येसाजीच्या. ज्याचे डोळे मानाजीने काढले होते, त्या येसाजीच्या. ज्या किल्ल्यात तो आंधळा होऊन पडला तिथे त्याचे रक्त मालक होऊन परतले, आणि मानाजीचा, त्याचेच नाव लावणारा नातू कोठडीत गेला.

जयसिंगाची बायको सकवारबाई तेव्हा खांदेरीवर होती आणि तिने किल्ला सोडला नाही. कुलाब्याहून निरोप आला: खांदेरी दे, नवरा सोडतो. तिने खांदेरी दिली. जयसिंगाला मारले आणि तिला कैदेत टाकले. सेनाना आणि सकवारबाई यांच्यामध्ये साडेपाचशे वर्षे आणि सात समुद्र आहेत. दोघींनीही नवऱ्यासाठी होते ते पुढे केले, एकीने पैका, एकीने किल्ला, आणि दोघींचे पैसे बुडाले.

बाबूराव १८१३ मध्ये वारल्यावर मानाजी पुन्हा गादीवर बसला, पण तोवर गादीत कापूसच उरला नव्हता. १८१७ मध्ये त्याचा मुलगा दुसरा रघूजी आला. पेशवाई बुडाली, कर्नल प्रॉथरने १८१८ मध्ये इकडे कर्नाळाही घेतला. १८२२ मध्ये रघूजीने कंपनीशी तह केला आणि त्यात कंपनीचे वर्चस्व मान्य केले. कुलाब्याच्या गादीवर कोणी बसायचे याचा शेवटचा शब्द आता मुंबईचा झाला. भांडण मिटवायचा हा कायमचा उपाय खरा.

रघूजी १८३८ च्या डिसेंबरात वारला. महिन्याभराने त्याच्या मागे मुलगा झाला. त्याचे नाव कान्होजी ठेवले. घराण्याला आता दुसरा हक्कदार नव्हता, भाऊ नव्हता, वाटणी मागणारे कोणी नव्हते. पहिल्यांदाच वारस एकच होता. तो १८४० मध्ये, वर्ष-सव्वा वर्षाचा असताना गेला. राण्यांनी दत्तक घेण्याची परवानगी मागितली, कंपनीने नाकारली आणि संस्थान खालसा केले. दत्तक नामंजूर म्हटले की आपण डलहौसीचे नाव घेतो. डलहौसी हिंदुस्थानात यायला तेव्हा आठ वर्षे होती.

पुढे इंग्रजांनी कुलाबा नावाचा जिल्हा केला, आणि १८८३ मध्ये पनवेल तालुका ठाण्यातून काढून त्या जिल्ह्याला जोडला. म्हणून आमच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर जिल्हा कुलाबा असे लिहिलेले असते आणि आमच्या उताऱ्यावर रायगड. जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये बदलले.

हिराकोटात आता तुरुंग आहे. कुलाब्याला ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, नाहीतर घोडागाडी मिळते. आत शिरल्यावर सगळे गणपतीच्या देवळाकडे वळतात, तसे तुम्हीही वळाल. पण येसाजीला ठेवले होते तो किल्ला हाच, एवढे ध्यानात असू द्या, आणि निघण्याआधी भरतीची वेळ विचारून घ्या. पाणी चढायला लागले की पाऊण तासात वाट बंद होते असे समजूनच परत फिरावे.